सुरुचीच्या दवाखान्याची पूजा

मृणालिनी पाटणकरला लोकांचा हेवा वाटायचा नाही. नवऱ्याच्या मित्राने ऑकलंडच्या बॉटनी भागात घर घेतलं, शेजारणीची मुलगी मेडिकलला लागली, कुणाचे आईवडील कायमचे इकडे राहायला आले, तर ही मनापासून अभिनंदन करून, दोन पेढे जास्त खाऊन यायची. तिचा सगळा हेवा तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि त्यात मात्र तिने कधी हात आखडता घेतला नाही. त्या माणसाचं नाव सुरुची.

तसं पाहिलं तर सुरुचीने तिचं काही घोडं मारलं नव्हतं. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात ती मृणालिनीच्या दोन वर्षं मागे आणि हॉस्टेलवर तिच्याच खोलीत होती. मृणालिनी पहिली यायची, सुरुची पास व्हायची. म्हैस गाभण आहे का ते हाताने कसं ओळखायचं, बुजलेल्या बैलाजवळ कुठल्या बाजूने जायचं, मालक खोटं बोलतोय हे त्याच्या कुठल्या उत्तरावरून कळतं, हे सगळं सुरुचीला मृणालताईने शिकवलं. "मालकाला पहिला प्रश्न काय?" असं मृणालिनी रात्री दिवा घालवता घालवता विचारायची, आणि अंथरुणातून सुरुची उत्तर द्यायची. असलं शिकवणं फार गोड असतं, जोवर शिकणारा आपल्या मागेच राहतो तोवर.

दोन हजार अकरा साली मृणालिनी नवऱ्याबरोबर ऑकलंडला आली. चारुदत्त सॉफ्टवेअरमधला. त्यामुळे त्याची पदवी विमानातून जशीच्या तशी उतरली, मृणालिनीची उतरली नाही. इथे जनावराला हात लावायचा तर इथली परीक्षा द्यायची, आधी लेखी, मग प्रात्यक्षिक. लेखी ती पहिल्या फटक्यात पास झाली. प्रात्यक्षिकात एका ठिकाणी शेतकऱ्याचं सोंग घेतलेला एक गृहस्थ खुर्चीत बसला होता. त्याच्या गाईचा मागचा पाय मांडीत मोडलाय, काय करू, असं त्याने विचारलं. मृणालिनीने प्लास्टर सुचवलं. मग बांबूच्या कामट्या बांधायला सुचवल्या. मग म्हणाली, महिनाभर झोळीत उभी ठेवून बघू. गाईला आजच्या आज सुखाने मरू द्या, हे वाक्य तिच्या तोंडून निघेचना. सातारा जिल्ह्यात कुठल्या मालकापुढे ते वाक्य बोलली असती तर तिला गावाबाहेर काढली असती. ती नापास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरलं, तेवढ्यात ओवी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ओवीचे कान दुखत होते. पुढची वर्षं अशीच कुणाकुणाचे कान दुखण्यात गेली.

मग तिला एक नोकरी मिळाली. पशुवैद्य, औषधविक्रेते, पेट शॉपवाले आणि खाद्य बनवणाऱ्या कंपन्या यांच्यासाठी एक पाक्षिक निघायचं, 'पॉ अँड हूफ' नावाचं. त्यात मृणालिनी बातम्या लिहायची. माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात, कपडे धुवायच्या मशीनशेजारच्या टेबलावर बसून तिने या देशातल्या यच्चयावत जनावरांच्या तब्येतीची खबर ठेवली. गाईंमध्ये मायकोप्लाझ्माची साथ आली आणि कळपच्या कळप कमी करायची वेळ आली, तेव्हा तिच्या पाक्षिकाइतकं सोपं कुणी समजावून सांगितलं नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांची फॅशन, कच्च्या मांसाचं खूळ, धान्य नसलेलं खाद्य, मांजरांचा विमा, अँटिबायोटिक कमी वापरा हा धोशा, सगळं तिच्या हाताखालून जायचं. दर सहा महिन्यांनी एक बातमी ठरलेली असे: देशात पशुवैद्यांची टंचाई. ती बातमी लिहिताना मृणालिनी की-बोर्ड जरा जोरातच बडवायची.

सुरुची आली दोन हजार चौदा साली, शिकायला म्हणून. राहायला अर्थातच ताईकडे. आठ महिने ती मशीनशेजारच्या त्याच खोलीत गादी टाकून झोपली. मृणालिनीने कपाटावरून आपल्या परीक्षेच्या नोट्स काढून दिल्या. रंगीत पेनांनी लिहिलेल्या, गाय-घोडा-कुत्रा असे वेगवेगळे गठ्ठे केलेल्या, चार फायली. सुरुचीने त्या घोटल्या, परीक्षेला बसली आणि पास झाली. लेखी पास, प्रात्यक्षिकही पास. "ताई, तुझ्या नोट्स नसत्या तर मी कुठे होते?" असं ती जगाला सांगत सुटली. लोक म्हणायचे, बघा किती कृतज्ञ मुलगी आहे. मृणालिनी हसायची आणि मनात म्हणायची, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय. सुरुची नावापुढे डॉक्टर लावायला लागली, शुभम नावाच्या इंजिनियरशी तिचं लग्न झालं. ती खुशालचेंडू, हसरी, कुणालाही आवडावी अशी होती, आणि मृणालिनीला नेमकं तेच सोसायचं नाही. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं. चांगल्याचा करायचा म्हणजे रोज नवं कारण शोधावं लागतं.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये सुरुचीने बॉटनी डाउन्सला स्वतःचा दवाखाना काढला. मांजरांना बसायला वेगळी खोली, कुत्र्यांना वेगळी, म्हणजे एकमेकांचं तोंड बघून कुणाचं रक्त आटायला नको. पाक्षिकाच्या संपादकबाईंनी मृणालिनीला कळवलं, तुझ्या ओळखीची आहे ना, मग 'नवे चेहरे' सदरात चारशे शब्द तूच लिही. मागोमाग सुरुचीचा फोन.

"ताई, शनिवारी ओपनिंगला सत्यनारायण करतेय. श्रावण चाललाय ना. प्रसादाचा शिरा तूच करायचास हं. तुझ्यासारखा इथे कुणाला जमत नाही."

"किती माणसं?"

"हीप्स. खूपच. सव्वा किलोचा तरी कर. आणि माझे क्लायंटपण येणारेत, पेट्सना घेऊन. मस्त मजा येईल."

मृणालिनीने शिरा केला. रवा तुपावर असा भाजला की रॉस्किलच्या रस्त्यापर्यंत वास गेला. केळी घातली, वेलची घातली आणि बेदाणे दुप्पट घातले. दवाखाना तिचा असेल, पण लोकांच्या जिभेवर नाव माझंच राहील, हा त्यामागचा हिशेब. गंमत अशी की बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात, काही कुत्र्यांना काहीच होत नाही आणि काहींची मूत्रपिंडं दोनतीन दिवसांत बसतात, कुणाला काय होईल हे आधी सांगता येत नाही, हे तिने त्याच महिन्याच्या अंकात स्वतः लिहिलं होतं. पण ते लिहिलं टेबलावर, आणि शिरा केला ओट्यावर. ओट्यापुढे उभी राहिली की मृणालिनी पशुवैद्य नसायची, तिच्या आईची मुलगी असायची, आणि तिच्या आईच्या शिऱ्यात बेदाणे असायचेच.

पूजा झकास झाली. केळीचे खांब रॉस्किलमधल्याच कुणाच्या परसातून कापून आणले होते. गुरुजी एरवी बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारे, त्यामुळे त्यांनी कथा वेळेत आटोपली. मृणालिनी एका बाजूला वही घेऊन उभी, अर्धी पाहुणी, अर्धी वार्ताहर. जो तो येऊन सांगत होता, काय डॉक्टर आहे तुमची मैत्रीण! एका बाईने तर मृणालिनीलाच विचारलं, "तुम्हीपण व्हेटच ना? मग तुमचा दवाखाना कुठे?" मृणालिनी म्हणाली, "मी लिहिते." बाई म्हणाल्या, "अरे वा, नाइस," आणि दुसरीकडे वळल्या. मृणालिनीच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि तो सगळा बिचाऱ्या सुरुचीच्या खात्यावर जमा झाला.

पाहुण्यांत ट्रेवर होता. शेजारच्या गल्लीत राहणारा, निवृत्त पोस्टमन, बायको जाऊन तीन वर्षं झालेला. त्याचा मर्फी नावाचा बीगल कुत्रा हा दवाखान्याचा पहिला पेशंट. सुरुचीने स्वतः त्याच्या हातात शिऱ्याचा कागदी कप दिला आणि सांगितलं, "ट्रेवर, हा प्रसाद आहे. याला नाही म्हणायचं नसतं, आणि एक कणही टाकायचा नसतो. ओके?"

"स्वीट ॲज," ट्रेवर म्हणाला, म्हणजे एकदम कबूल.

ट्रेवरला मधुमेह. एक घास खाऊन तो थांबला. कचऱ्याच्या डब्याकडे त्याने एकदा पाहिलं, पण टाकायचं नसतं असं सांगितलेलं. सज्जन माणूस, यजमानांच्या देवाचा अपमान कसा करणार? त्याने हात बाकाखाली नेला. मर्फीने कप असा साफ केला की धुवायला नको. इतक्यात एका काकूंनी त्याचा रिकामा कप पाहिला. आवडला वाटतं, म्हणून त्यांनी आग्रहाने दुसरा भरून दिला. तोही बाकाखाली गेला.

हे सगळं मृणालिनीने पाहिलं. पहिला कपही पाहिला आणि दुसराही. भिंतीवर घड्याळ होतं, त्यात बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

तिच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. दोन पावलं पुढे होऊन 'ट्रेवर, नो!' एवढंच म्हणायचं होतं. त्याच वेळी पलीकडे टाळ्या झाल्या. कुणीतरी सुरुचीला शाल पांघरली होती. सुरुची हसत हसत सांगत होती, "हे सगळं ताईच्या नोट्समुळे हं," आणि लोक सुरुचीकडेच बघत होते, नोट्सवालीकडे कुणी वळून पाहिलं नाही. मृणालिनीच्या मनात एक विचार आला, आणि तो इतका स्वच्छ आला की तिला त्याची भीतीसुद्धा वाटली नाही. उद्घाटनाच्या दिवशी, डॉक्टरने दिलेल्या प्रसादाने, पहिल्याच पेशंटला विषबाधा. ही बातमी कोण लिहिणार? मीच लिहिणार. चारशे शब्द.

ती गप्प बसली. काही होणार नाही, दोन कपांत बेदाणे किती असणार, असं स्वतःला सांगत राहिली. ते बेदाणे दुप्पट घालणारी आपणच, हे माहीत असून सांगत राहिली. पंचवीसचे चाळीस झाले, चाळिसाचा एक वाजला. ती लोकांशी बोलली, ओवीला पाणी दिलं, गुरुजींना दक्षिणेचं पाकीट नेऊन दिलं. तिचे डोळे मात्र सारखे बाकाखाली जात होते.

सव्वा वाजता मर्फी उठला आणि सरळ तिच्याकडे आला. सकाळपासून शिरा ढवळलेला, तिच्या ओढणीला तुपाचा वास येत असणार. त्याने तिच्या पायावर हनुवटी टेकली आणि आणखी काही मिळेल का म्हणून वर पाहिलं. मृणालिनीला ते काही सोसवलं नाही. माणसांशी ती कशीही वागली असेल, जनावराशी ती आजवर वाईट वागली नव्हती.

ती गर्दीतून सुरुचीपाशी गेली. "सुरू, इकडे ये. मर्फीने शिरा खाल्लाय. दोन कप. बेदाण्यांसकट."

सुरुचीचा चेहरा एका क्षणात बदलला. शाल खांद्यावरून काढून तिने खुर्चीवर टाकली. "कधी?"

मालकाला विचारायचा पहिला प्रश्न. हॉस्टेलच्या खोलीत मृणालिनीनेच तिच्याकडून शंभरदा घोकून घेतलेला.

"आत्ताच," मृणालिनी म्हणाली. "पाचेक मिनिटं झाली असतील."

खोटं इतकं सहज निघालं की ते बोलल्यावरच तिला कळलं. सुरुचीने ट्रेवरला काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, ताईने सांगितलं होतं. मर्फीला उचलून ती आत गेली, उलटीचं इंजेक्शन दिलं, आणि दहा मिनिटांत मर्फीने शिरा, बेदाणे, तूप सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये काढलं. बरेचसे बेदाणे फुगलेले होते, काही अर्धवट विरघळलेले. सुरुचीने ते निरखून पाहिलं, कपाळाला आठी घातली, पण पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मर्फीला विष शोषून घेणारा काळा कोळसा पाजला आणि ट्रेवरला सांगितलं, वेळेत कळलं, घरी न्या, उद्या कसा आहे ते कळवा. जास्त वेळ झाला असता तर दोन दिवस इथे सलाईनवर ठेवावं लागलं असतं.

मग तिने सगळ्यांसमोर मृणालिनीला मिठी मारली. "ताई नसती तर आज माझं काय झालं असतं!" टाळ्या पडल्या. ट्रेवरने डोळे पुसले. ज्या टाळ्यांसाठी मृणालिनी चार वर्षं जळत होती त्या तिला मिळाल्या, आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्या गोड लागल्या.

घरी येईपर्यंत त्या गोडच लागत होत्या. चारुदत्त गाडी चालवता चालवता म्हणाला, "बघ, तुझी नजर अजून डॉक्टरचीच आहे." मागच्या सीटवरून ओवी म्हणाली, "मम, यू सेव्ह्ड हिम!" संध्याकाळी मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो आला, खाली हात जोडलेले आणि टाळ्यांचे ढीग. मृणालिनीने तो फोटो चारदा पाहिला.

रविवारी सकाळी मृणालिनी पोहे परतत असताना सुरुचीने ट्रेवरचा मेसेज पुढे पाठवला. मर्फीने सकाळचं खाल्लं नाही, जरा गप्प आहे, काल पार्टी जास्त झाली वाटतं. खाली सुरुचीने हसरे चेहरे टाकले होते.

मृणालिनीने गॅस बंद केला. बीगल आणि खात नाही? बीगल पाहुण्याचे बूट खाईल, पण उपाशी राहणार नाही. ओकारीत जे आलं नाही ते पोटात तासभर मुरलेलं होतं. आज, आत्ता सलाईन लागली तर मूत्रपिंडं धुऊन निघतील. उद्यापर्यंत थांबलं तर कदाचित धुण्यासारखं काही उरणार नाही. हे सगळं तिला कळत होतं. ते कळणारी ती एकटीच होती, कारण ती पन्नास मिनिटं तिने मोजली होती, आणि ट्रेवरला कुणी विचारलंच नव्हतं.

आधी तिने आडवाटेने जाऊन पाहिलं. माणूस तेच करतो.

"सुरू, मला वाटतं मर्फीला सलाईनवर ठेवावं. सेफ साइड म्हणून."

"अगं ताई, पाच मिनिटांत काढलं की आपण. उलटीने आणि कोळशाने गप्प झालाय तो. ट्रेवर एकटा आहे, कुत्रा शेजारी नसला तर झोपत नाही म्हातारा. दोन रात्री उगाच कशाला? तू फार काळजी करतेस."

"रक्त तरी तपास."

"मंगळवारी बघते ना. चिल कर."

आता फोन ठेवता आला असता. सांगितलं होतं की, तिनेच ऐकलं नाही, असं पुढे म्हणताही आलं असतं. कुत्रा गेला तर दोष डॉक्टरचा, आणि ताईने तर फोन करून बजावलं होतं, अशी तिची कीर्ती आणखी वाढली असती. मृणालिनीला ही वाट दिसली. पुरती, शेवटपर्यंत दिसली. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"पाच मिनिटं नव्हती, सुरू."

"म्हणजे?"

"पन्नास होती. बारा पंचवीसला खाल्लं त्याने."

"तुला कळलं कधी?"

"बारा पंचवीसला."

"तू बघत होतीस?"

"हो."

"दोन्ही कप?"

"दोन्ही."

फोन बंद झाला.

चारुदत्त दारात उभा होता. त्याने अर्धं ऐकलं होतं. मृणालिनीने त्याला उरलेलं सांगितलं, काही न लपवता. सुरुचीचं वाटोळं व्हावं असं मला वाटलं, म्हणून मी बोलले नाही, अशा स्पष्ट शब्दांत. बारा वर्षांच्या संसारात चारुदत्तने तिला पुष्कळ सल्ले दिले होते, त्या दिवशी त्याने फक्त गाडीची किल्ली दिली.

बॉटनीला पोचेपर्यंत तिने मनात दहा प्रकारे माफी मागून पाहिली. दवाखान्याच्या दाराला कालचं तोरण तसंच होतं. रविवारी नर्सला सुट्टी, त्यामुळे आत सुरुची एकटी होती, आणि टेबलावर मर्फी, त्याच्या डोक्याशी ट्रेवर. सुरुचीने मृणालिनीकडे पाहिलं नाही. ती ट्रेवरशी बोलत होती.

"कालच त्याला ठेवून घ्यायला हवं होतं मी. किती वेळ झाला ते मी तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं. माझी चूक झाली, ट्रेवर. आय ॲम सॉरी."

"तू काय करणार, लव्ह," ट्रेवर म्हणाला. "मीच मूर्ख. मीच भरवलं."

"तुम्हाला टाकू नका म्हणून मीच सांगितलं होतं."

मृणालिनी दारात उभी राहून ऐकत होती. दहा प्रकारच्या माफ्यांपैकी एकही तिला आठवेना. सुरुचीने ट्रेवरला बाहेर बसवलं, त्याच्या हातात चहाचा कप दिला, आणि परत येऊन दार लावलं.

"मी त्याला खरं सांगते," मृणालिनी म्हणाली.

"आत्ता नको. आत्ता त्याला डॉक्टरवर विश्वास ठेवू दे. नंतर सांग, तुला सांगायचं असेल तर." सुरुचीने यंत्रातून निघालेला रक्ततपासणीचा कागद तिच्यासमोर धरला. "क्रिएटिनिन वाढलंय. थोडंच. दोन दिवस सलाईन दिली तर खाली येईल."

"आणि मंगळवारी तपासलं असतं तर?"

सुरुचीने कागद बाजूला ठेवला. तिने मर्फीच्या पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले, कापसाने जागा पुसली. "पाय धर. शीर वर आण."

मृणालिनीला या देशात जनावराला औषधोपचार करायची परवानगी नव्हती, पाय धरायला कुणाची ना नव्हती. तिने मर्फीला कुशीत घेतलं, त्याचं कोपर तळव्यात धरलं आणि अंगठा वर दाबून जरासा फिरवला. शीर फुगून वर आली. सुरुचीने सुई घातली, पहिल्याच वेळी, एक थेंबही न सांडता. मर्फीला कळलंसुद्धा नाही. काय हात आहे हिचा, मृणालिनीला वाटलं, आणि अशा वेळीही, कुत्रं कुशीत असताना, तिच्या छातीत तेच जुनं खुपलं. स्वतःची तिला किळस आली.

"मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली. मोठ्याने म्हणायची ही पहिलीच वेळ. "तू पास झालीस तेव्हापासून. काल तुझं वाईट व्हावं असं वाटलं मला. म्हणून गप्प बसले."

"माहीत आहे." सुरुची सुईवर पट्टी चिकटवत होती, तिने मान वर केली नाही. "हेवा वाटतो ते कधीचं माहीत आहे मला. तुझ्या घरी राहत होते तेव्हा रिझल्ट आला, त्या दिवशी तू माझ्यासाठी पुरणपोळी केलीस आणि स्वतः खाल्ली नाहीस. त्याचं मला काही वाटलं नाही गं. मला वाटायचं, माझ्यावर जळेल, मागे बोलेल, चालेल. पण जनावराच्या बाबतीत ताई कधी खोटं बोलणार नाही. काल तो अर्धा विरघळलेला बेदाणा ट्रेमध्ये मला दिसला होता. पाच मिनिटांत बेदाणा विरघळत नाही, हे मला कळलं होतं. मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझं ऐकलं."

मर्फीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि डोकं मृणालिनीच्या मनगटावर ठेवलं.

सुरुचीने सलाईनची नळी जोडली. "अंगठा काढ आता," ती म्हणाली.

मृणालिनीने अंगठा काढला, आणि नळीतून थेंब पडायला लागले.